थांबणे हाही उपचारच!

सायकलची ट्यूब पंक्चर झाली की दुकानदार ती पाण्यात बुडवतो, बुडबुडे येतील तेथे खूण करतो आणि ठिगळ लावतो. पुण्याच्या पूर्वेकडील मांजरीच्या रस्त्यावर असो की तुमच्या गावच्या चौकात, हे तुम्ही पाहिलेच असेल. माणसाच्या फुप्फुसालाही असे छिद्र पडू शकते. मग तेथेही लगेच शस्त्रक्रिया करून ठिगळ का लावू नये? डॉक्टर शस्त्रक्रिया न करता थांबले, तर ते काहीच करीत नाहीत असे पुष्कळांना वाटते. माझ्या मते हा समज चुकीचा आहे.

आधी घडते काय ते पाहू. फुप्फुस आणि छातीची भिंत यांच्यामध्ये एक अरुंद पोकळी असते. तेथील दाब बाहेरच्या हवेपेक्षा किंचित कमी असल्यामुळे फुप्फुस फुगलेले राहते. छिद्रातून हवा या पोकळीत शिरली की फुप्फुस आकसते. क्षय, न्यूमोनिया, अपघात ही त्याची काही कारणे. ९ मार्च २०२० रोजी महाराष्ट्रातील पहिले कोविड-रुग्ण पुण्यात आढळले. पुढे मांजरी येथील सीरम इन्स्टिट्यूटमध्ये लस तयार झाली आणि आजार विकोपाला जाण्याचे प्रमाण घटले. पण त्यापूर्वी अनेकांना कृत्रिम श्वसनयंत्रावर ठेवावे लागले होते. हे यंत्र दाबाने हवा आत ढकलते. आजारी फुप्फुस हा दाब कधीकधी सोसू शकत नाही व फाटते. इतक्या अशक्त रोग्याची छाती उघडणे हाच मोठा धोका असतो.

अशा वेळी उपयोगी पडते एक साधी बाटली! फासळ्यांमधून पोकळीत नळी घालतात व तिचे दुसरे टोक बाटलीतील पाण्यात सुमारे २ सेंटिमीटर बुडवून ठेवतात. कोंडलेली हवा बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडते. बाहेरची हवा मात्र पाण्यामुळे आत जाऊ शकत नाही. हॅम्बुर्गचे डॉक्टर ब्यूलाऊ यांनी १८९१ साली ही पद्धत प्रसिद्ध केली. बाटली नेहमी छातीच्या बरीच खाली ठेवावी लागते, नाही तर पाणी छातीत शिरेल. बुडबुडे येत असताना नळी चिमटून ठेवणे तर फार धोक्याचे! आत हवा कोंडून हृदयावर दाब येतो आणि प्राणही जाऊ शकतो.

साधारणपणे ५ दिवसांनंतरही बुडबुडे थांबले नाहीत, तर ती चिवट गळती. तरीही उपाय संपत नाहीत. यंत्राचा दाब आणि प्रत्येक श्वासाला दिली जाणारी हवा कमी करतात. छिद्रातून जोराने हवा वाहिली नाही, तर त्याच्या कडा जुळायला अवसर मिळतो. रोग्याच्याच शिरेतील थोडे रक्त नळीवाटे पोकळीत सोडतात. ते गोठून छिद्र बुजण्यास मदत होते. किंवा दुर्बिणीच्या साहाय्याने, गळक्या भागाकडे जाणाऱ्या श्वासनलिकेत छोटी झडप बसवतात. ती हवा बाहेर येऊ देते, आत जाऊ देत नाही. काम झाले की झडप काढता येते.

रबराची ट्यूब निर्जीव आहे. ठिगळ लावल्याखेरीज ती कधीच बुजणार नाही. फुप्फुस सजीव आहे. संधी दिली तर ते पुष्कळदा आपले छिद्र आपणच बुजवते. डॉक्टर देतात ती हीच संधी. रोज बुडबुडे पाहणे, क्ष-किरण चित्र काढणे, जंतुसंसर्गावर नजर ठेवणे, हे हात बांधून बसणे नव्हे. अर्थात हे उपाय थकले आणि रोगी सोसू शकणार असला, तर शस्त्रक्रिया उगाच लांबवूही नये.

ग्लासभर पाण्यात स्ट्रॉचे टोक २ सेंटिमीटर बुडवून हळूच फुंका, बुडबुडे येतील. आता अगदी हलके ओढा. पाणी थोडे वर चढेल, पण हवा येणार नाही. पाठ्यपुस्तकातील दाबाच्या धड्यात या बाटलीला जागा मिळायला हवी. मग रुग्णालयात खाटेखालची बाटली कुणी अजाणता उचलू लागला, तर त्याला थांबवणारे तुमच्यापैकीच कोणीतरी असेल.