परदेशी पदवी आणि हिंगोलीचा पक्षकार

परदेशी विद्यापीठाची कायद्याची पदवी घेऊन स्वदेशी परतणाऱ्या भारतीय तरुणास येथे वकिलीची सनद थेट मिळत नाही, ही तक्रार सुशिक्षित वर्गात अधूनमधून ऐकू येते. त्याची पदवी प्रथम बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या मान्यतेतील असावी लागते. मग राज्यघटना, करार, कंपनी कायदा, दिवाणी व फौजदारी प्रक्रिया आणि व्यवसायनीती यांची पात्रता परीक्षा. त्यानंतर राज्याच्या कौन्सिलकडे नोंदणी. आणि शेवटी सर्व नव्या वकिलांना द्यावी लागणारी अखिल भारतीय परीक्षा. इतके उंबरठे कशासाठी, असा सवाल केला जातो.

आमच्या मते परीक्षेची अट न्याय्यच आहे. इंग्रजी अमदानीत विलायतेहून बॅरिस्टर होऊन आलेल्यास येथील न्यायालयाचे द्वार सहज खुले होत असे, कारण न्यायाची सत्ता व भाषा दोन्ही साहेबाची होती. १९६१ च्या अधिवक्ता कायद्याने बॅरिस्टर, वकील, प्लीडर हे जुने श्रेणीभेद मिटविले, ते योग्यच झाले.

परंतु परीक्षेने ज्ञान जोखावे, माणूस अडवू नये. नाशिक येथे जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी १८९२ साली ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा दिली, परत येऊन १८९७ साली मुंबई विद्यापीठाची एलएल.बी. मिळविली, तरीही केवळ स्त्री म्हणून त्यांना सनद नाकारण्यात आली. स्त्रियांच्या मार्गातील हा अडसर कायद्याने दूर झाला तो १९२३ साली. अभ्यासाने ओलांडता येणारी अट निराळी आणि कितीही अभ्यास केला तरी न ओलांडता येणारी भिंत निराळी.

आता हिंगोलीकडे पाहावे. १९९९ साली परभणीतून वेगळा झालेला हा जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. म्हणून सेनगाव वा औंढा नागनाथच्या शेतकऱ्याचा कुळाचा तंटा आजही १९५० च्या हैदराबाद कुळवहिवाट कायद्याकडे बोट दाखवितो. सातबारा, फेरफार, इनामाचे जुने कागद आणि मराठीतील कैफियत हे त्या पक्षकाराचे जग आहे. लंडनला करारशास्त्र उत्तम शिकलेला पदवीधर येथे कोरा ठरेल. आणि उपरोल्लेखित परीक्षा उत्तीर्ण होऊनही बहुधा कोराच राहील.

यास्तव आमची सूचना स्पष्ट आहे. परीक्षा राहावी, मात्र तिचा अभ्यासक्रम, तारखा व निकालाची मुदत वर्षारंभीच जाहीर व्हावी, कारण कर्ज काढून मुलास परदेशी धाडणाऱ्या पालकास अनिश्चितता परवडत नाही. उमेदवारास स्थानिक जमीनकायद्याची एक उत्तरपत्रिका लिहावी लागावी, आणि काही महिने जिल्हा न्यायालयात ज्येष्ठ वकिलाच्या हाताखाली काढावे लागावेत. येथे शिकलेल्या पदवीधरासही तोच नियम लावण्यास आमची हरकत नाही. सनद हा विद्वत्तेचा सन्मान नव्हे. दुसऱ्याची शेती, घर व स्वातंत्र्य यांची राखण करण्याचा तो परवाना होय.