खिशातले हत्यार स्वस्त पडेल काय?

इचलकरंजीला रोख घेऊन माल आणायला जाणारे आपले व्यापारी बंधू विचारतात, खिशात मावेल असे स्वस्त हत्यार कोणते? कानपूरच्या सरकारी कारखान्याचे २०१४ साली आलेले 'निर्भीक' रिव्हॉल्व्हर बत्तीस बोअरचे, वजन अर्धा किलो. पण किंमत तेव्हाच सव्वा लाखाच्या घरात. परवान्यासाठी सांगलीची कलेक्टर कचेरी आणि पोलीस चौकशी वेगळीच. मग नजर जाते गावठी कट्ट्याकडे. तो आपल्याच हातात फुटायचा, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना हत्याराला कमीत कमी दोन वर्षे कैद! शिवाय मोटारसायकलवर दोन्ही हात हँडलला. मागून फटका बसला तर ते काढणार केव्हा? पेढीचे पैसे बँकेतून आरटीजीएसने पाठवावेत. रोखीचाच हट्ट धरणाऱ्या दलालाशी सौदा करू नये.