आमच्या घरचे दगड

आमचे मेहुणे अमेरिकेहून आले, की बॅगेतून आधी चॉकलेटं निघतात आणि मग फोटो. यंदा ॲरिझोनाच्या वाळवंटातल्या दगडांचे चारशे फोटो निघाले. मॉन्युमेंट व्हॅलीतला एकेक सुळका समोरून, मागून, उन्हात, सावलीत. दर फोटोला आमची ही 'अय्या!' म्हणत होती. म्हणजे चारशे अय्या!

"भाऊजी, तुमच्या बोईसरला असलं काही नाही," मेहुणे म्हणाले आणि माझं डोकं फिरलं. दुसऱ्याच दिवशी त्यांना गाडीत कोंबलं.

पालघरहून मनोरकडे निघालं, की वाघोबा खिंडीपाशी काळदुर्ग लागतो. डोंगराच्या डोक्यावर चौरंग ठेवावा तसा चौकोनी कातळ! मनोरपुढे वाड्याच्या रस्त्याला कोहोज. त्याच्या माथ्यावर वाऱ्यापावसाने झिजून माणसांसारखे झालेले कातळ उभे आहेत. तरुणपणी एकदा चढलो होतो. मेहुण्यांचे गुडघे मात्र तयार नव्हते. तिकडचा दगड वालुकाश्म, आपला बेसॉल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. त्यांच्या सुळक्यांना जॉन फोर्डने १९३९ साली 'स्टेजकोच' सिनेमात घेतलं. आमच्याला कोण घेणार?

मेहुण्यांनी फोटो काढला एकच. त्यात ते स्वतःच होते; कोहोज खांद्यामागून डोकावत होता.

हसू नका. बत्तीस वर्षांत मी तरी किती काढले? परतताना एक टेकडी दाखवायला बोट उचललं, तर ती अर्धीच! उरलेली खडी होऊन गेलेली. कदाचित आम्ही चाललो होतो त्याच रस्त्याखाली. कधी फोडली? ठाऊक नाही. मी रोज तिच्यावरून जात होतो, बघत नव्हतो.

माझं भांडण एवढंच आहे. न पाहिलेला डोंगर फोडायला फार सोपा. नवाहो लोकांनी १९५८ सालीच आपल्या खोऱ्याला राखीव उद्यान करून टाकलं. फोटोने डोंगर वाचत नाही म्हणाल, तर कबूल. पण 'इथे एक टेकडी होती हो!' असं ओरडायला हातात काहीतरी कागद नको?

म्हणून हल्ली रविवारी मी फोन घेऊन दगड टिपत फिरतो. "यात तुम्ही कुठे आहात?" ही विचारते. परवा काळदुर्गाचा झकास फोटो मेहुण्यांना धाडला. लगेच उत्तर आलं, "वा भाऊजी! ॲरिझोनाला कधी गेलात?"