विहीर कोसळणं हा ‘अपघात’ नाही!

परवा औसा तालुक्यात चुलतभावाची विहीर पाडायचं काम बघायला गेलो होतो. पंधरा मीटर खोल खड्डा, वर मुरूम, खाली काळा पाषाण, तळाशी चार माणसं. कडांना आधार शून्य! ठेकेदाराला विचारलं तर म्हणे, "सायेब, पाषाण हाय, ह्याला काय हुतंय? बांधकाम सगळं खोदून झाल्यावर."

च्यायला, इथेच तर सगळा घोळ आहे.

अहो, दगड नुसता टणक असतो म्हणून जागेवर राहत नाही. चहूबाजूंनी दाबलेला असतो, म्हणून राहतो. पंधरा मीटरवर दर चौरस मीटरला वरच्या खडकाचं सुमारे ४० टन वजन येतं. एक बाजू मोकळी केली की तो तिकडे सरकायला बघतो. सरकतो अगदी केसभर, पण तेवढ्यात जुन्या भेगा उघडतात, पाणी मुरतं आणि ठोकळा सुटतो. कधी लगेच, कधी पंधरा दिवसांनी. चालू सर्व्हरवरून एखादी लायब्ररी उडवायची आणि वर म्हणायचं, "मी कोडला हातच लावला नाही." तसंच हे.

आणि आपला पाषाण एकसंध कुठेय? किल्लारीला १९९३ च्या भूकंपानंतर शास्त्रज्ञांनी भोक पाडलं, तेव्हा ३३८ मीटर बेसाल्ट लागला. पण तो लाव्ह्याच्या थरावर थर! मधे कुठे गेरूसारखी लाल माती, कुठे ठिसूळ मांजऱ्या.

विहीर गोल असते ती शोभेला नाही. बाजूचा दाब कडेने वळसा घालतो, दगड दगडाला कमानीसारखा धरतो. आपण सुरुंगाने नेमकी तीच कमान खिळखिळी करतो. "खरोशाची लेणी कशी टिकली मग?" असं कोणी विचारेलच. ती छिन्नीने कोरलीयत राव, खांब राखून!

फार काही मागत नाही मी. मुरुमाचं कडं आधी बांधा, मग खाली सुरुंग लावा. प्रत्येक बारानंतर सुटे दगड पहारीने पाडा, मगच माणूस उतरवा. भाऊ म्हणाला, "दादा, त्याला पैसे फुटावर मिळतात. दगड पाडत बसला तर दिवस जातो. अन् बांधकामाचे पैसे शेवटी."

मग ते पैसे आधी द्या ना!