‘मधूनमधून’ म्हणजे नेमकं कधी?

‘रीस्टार्ट कर, होईल नीट.’ आपल्या पिढीचा हा आवडता मंत्र. माझा त्याला विरोध आहे, आणि त्याचं कारण माझ्याच लॅपटॉपवर घडलं.

वसईच्या आजीने सांगितलेली लग्नाची गाणी मी सुट्टीत कोसाडच्या घरी टाईप करत होते. शब्द मोजायला लिनक्समधलं बॅश शेल वापरायचे; हुकूम टाईप करायचा ती काळी खिडकी. काही दिवसांनी ती मधूनमधून आपोआप बंद पडू लागली. दादा म्हणाला, ‘मराठी फाइली आहेत ना, म्हणून. फॉरमॅट मार.’ गाण्यांची दुसरी कॉपी कुठेच नव्हती, तरी मला ते पटलं!

शंका अगदीच खोटी नव्हती. यूटीएफ-8 पद्धतीत ‘कोसाड’ शब्दाची 5 चिन्हं 15 बाइट घेतात. इंग्रजी अक्षराला एकच बाइट पुरतो. अशा ठिकाणी प्रोग्रॅम चुकू शकतात. पण शंका म्हणजे पुरावा नव्हे. मी एक इंग्रजी फाइल मोजायला दिली. खिडकी तशीच बंद! मराठी निर्दोष सुटली.

मग मी वहीत नोंदी केल्या. ‘डब्ल्यूसी’ हा शब्द मोजण्याचा हुकूम हाताने दिला की खिडकी बंद. तोच स्क्रिप्टमध्ये असला की काम बिनबोभाट. पाइप लावून दिला, तर खिडकी राहते, पण ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ असा संदेश आणि 139 हा कोड मिळतो. 139 म्हणजे 128 अधिक 11; 11 हा सिग्नल प्रोग्रॅमने मनाई असलेल्या मेमरीला हात लावल्याचा. (137 असता, तर 128 अधिक 9, म्हणजे बाहेरून कोणीतरी मारलं, बरेचदा मेमरी संपल्यामुळे.)

शेवटी सुरुवातीची सेटिंग फाइल न वाचता बॅश चालू केलं. सगळं सुरळीत! म्हणजे दोष त्या फाइलीत, आणि ती लिहिलेली मीच. फक्त शब्दांचा आकडा दिसावा म्हणून मी ‘डब्ल्यूसी’ याच नावाचं फंक्शन केलं होतं, आणि त्याच्या आत पुन्हा ‘डब्ल्यूसी’. ते स्वतःलाच हाक मारत राहायचं, स्टॅक भरेपर्यंत. स्क्रिप्ट ती फाइल वाचत नाही, म्हणून तिथे खरा प्रोग्रॅम चालायचा. पाइपमध्ये फंक्शन पोट-शेलमध्ये चालतं, म्हणून फक्त तेच मरायचं. आतल्या नावाआधी ‘कमांड’ हा एक शब्द घातला, संपलं.

म्हणजे ‘मधूनमधून’ असं काही नव्हतंच. बिघाड दर वेळी नियमानेच होत होता, मी नीट वाचत नव्हते. कवितेतला एक शब्द बदलला तर काय होतं, हे आपण वर्गात तासभर बघतो. मशीनने दिलेला संदेश मात्र न वाचता बंद करतो, आणि वर ‘आपण आर्ट्सवाले’ म्हणून मोकळे होतो. ही सबब मला आता मान्य नाही.

फॉरमॅट केलं असतं तर गाणी गेली असती. नंतर तेच फंक्शन मी पुन्हा लिहिलं असतं, आणि दोष परत मराठीच्याच माथी मारला असता. तेव्हा खिडकी बंद पडली की आधी कॉपी काढा, मग वही. आणि ‘कधीकधी होतं’ असं लिहू नका, कधी होतं ते लिहा.