नातवंडांना भारत परदेशच आहे



लष्करातली सेवा संपली की आपली नातवंडे काही महिने मिळेल ते काम करतात, चार पैसे गाठीला बांधतात आणि मोठ्या प्रवासाला निघतात. त्यांतली बरीच भारतात जातात आणि मनालीला पोचली की भाड्याने बुलेट घेऊन लेहचा रस्ता धरतात. मग घरात दोन पक्ष पडतात. आईबाप म्हणतात, मोटारसायकल नको. आपण आजी-आजोबा म्हणतो, "जाऊ द्या हो, भारतातच तर चाललाय, परक्या मुलखात थोडाच?" एलियाहू हन्नाबीला मलिद्याचा नवस बोलतो आणि जाताना हळूच पाकीट हातात ठेवतो.

नवसाला माझी ना नाही. माझी हरकत आहे ती "भारतातच तर" या शब्दांना. भारत परका नाही तो आपल्याला. दिमोना, अश्दोद, लोदमध्ये जन्मलेल्या पोराच्या हातांना, पोटाला आणि फुप्फुसांना तो पूर्ण परदेश आहे. आपण पनवेल-अलिबागच्या विहिरीचे पाणी पिऊन वाढलो, म्हणून नातवाला काही होणार नाही, असे होत नसते. ते रक्तातून उतरत नाही.

आधी हातांचे बघा. इथे वाहन रस्त्याच्या उजवीकडून चालते, भारतात डावीकडून. भर रहदारीत माणूस सावध असतो. घोटाळा होतो तो पेट्रोल भरून बाहेर पडताना किंवा पहाटे रिकाम्या चौकात वळताना. तिथे डोके विचार करत नाही, सवय गाडी चालवते. म्हणून विमानातून उतरल्यावर पहिले दोन दिवस झोप काढावी, दुचाकीला हात लावू नये, आणि नंतरही सुरुवात मोकळ्या रस्त्यावर करावी. अंधार पडल्यावर तर गाडी चालवूच नये. बिनदिव्याची बैलगाडी आणि रस्त्यात बसलेली गाय आपण पाहिली आहे, त्यांनी नाही.

त्याहून मोठी गोष्ट परवान्याची. चारचाकीचा परवाना असलेली काही मुले तिथे जन्मात पहिल्यांदा मोटारसायकलवर बसतात. भाड्याने देणारा कागद बघेलच असे नाही, पण विमा कंपनी बघते. इथल्या परवान्यावर त्या ताकदीच्या मोटारसायकलचा वर्ग नसेल, तर अपघाताचा खर्च ती नाकारू शकते. मोडलेली मांडी, हेलिकॉप्टर, शस्त्रक्रिया, परतीचा प्रवास, हे सगळे मग घरच्यांच्या अंगावर येते. तेव्हा "विमा काढलास का?" एवढे विचारून थांबू नका. त्यात दुचाकी चालवणे आणि डोंगरातून शोधून सुटका करणे धरले आहे का, ते कागदावर दाखवायला सांगा. आंतरराष्ट्रीय परवानाही इथूनच काढून न्यायचा असतो.

आता उंचीबद्दल. मनाली सुमारे 2,000 मीटरवर आहे, लेह 3,500 मीटरवर, आणि वाटेतली तांगलांग ला ही खिंड 5,300 मीटरच्या वर. बुलेट दोन दिवसांत तिथे पोचवते, शरीर तेवढ्या वेगाने पोचत नाही. तरुण आणि धट्टाकट्टा असला म्हणून उंची लागत नाही, हा गैरसमज आहे. 3,000 मीटरच्या वर रोजचा मुक्काम आदल्या रात्रीपेक्षा 500 मीटरहून फार वर नसावा आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांती घ्यावी, असे डॉक्टर सांगतात. मनाली-लेह रस्त्यावर हे जमवायला जास्तीचे मुक्काम आधीच ठरवावे लागतात. डोके दुखले, मळमळले, की आणखी वर जायचे नाही. बोलणे असंबद्ध झाले, तोल जाऊ लागला किंवा बसल्या जागी दम लागला, तर रात्र असली तरी खाली उतरवायचे, आणि त्याने स्वतः गाडी चालवायची नाही. डायमॉक्सची गोळी उपयोगी आहे, पण सल्फाची अॅलर्जी असेल तर आधी डॉक्टरला विचारावे.

विश्रांतीचा दिवस पोरांना पटत नाही. तिथे आपला शब्बाथ कामी येतो. देवाधर्माचे फारसे न मानणारा नातूही "शब्बाथला गाडी चालवणार नाही, एवढे मला वचन दे" म्हटले तर आजीला नाही म्हणत नाही.

लशींसाठी निघण्याआधी चार ते सहा आठवडे प्रवाशांच्या दवाखान्यात जायला हवे. आपल्या कुपत होलीमच्या पूरक विम्यात सवलत असते, ती विचारून घ्या. टायफॉइडची लस मुले घेतात, रेबीजची टाळतात. मोटारसायकलमागे कुत्री धावतात, हे तुम्हाला सांगायला नको. आपल्या वेळची पोटातली चौदा इंजेक्शने आता राहिली नाहीत, दंडात दोन-तीन टोचून घेतली की झाले. आधी लस घेतलेल्याला चावल्यावर पुन्हा दोन डोस लागतातच, पण इम्युनोग्लोब्युलिन लागत नाही, आणि लहान गावात तेच मिळणे कठीण असते. लस घेतली असो वा नसो, जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवायची.

सायलेन्सरने पोटरी भाजली तर वीस मिनिटे गार वाहते पाणी, बर्फ नाही. फोनवरून हळद-तूप किंवा टूथपेस्ट सुचवू नका.

पाकिटातले पैसे द्यायचेच असतील, तर हेल्मेटचे द्या. जगभरचे अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा हेल्मेटमुळे दुचाकीस्वाराच्या मृत्यूचा धोका सुमारे 42 टक्क्यांनी आणि डोक्याला इजा होण्याचा सुमारे 69 टक्क्यांनी कमी होतो, असे दिसले. भाड्याच्या गाडीबरोबर मिळणारे हेल्मेट किती जणांच्या डोक्यावरून आणि किती वेळा आपटून आले, कोण सांगणार? इथेच दुकानात नातवाला घेऊन जा, त्याच्या मापाचे घ्या, पट्टा बांधून मान हलवायला लावा. मागे कोणी बसणार असेल तर दोन घ्या.

रक्तगट, अॅलर्जी, चालू औषधे आणि विम्याचा फोन नंबर इंग्रजीत लिहून खिशात ठेवायला सांगा. भारतात तातडीचा नंबर 112 आहे.

आणि एक तुमच्यासाठी. बाहेरच्या राज्यात घेतलेले प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही. दोन-तीन दिवस फोन आला नाही, तर कारण बहुधा तेवढेच असते. कोणत्या मुक्कामाला किती तारखेला पोचणार, ते आधी लिहून घ्या, आणि रक्तदाबाची गोळी चुकवू नका.