पाण्याचा ठेका आणि जोखमीचा हिशेब

बोलिव्हिया हा दक्षिण अमेरिकेतील एक निर्धन देश. त्याच्या डोंगराळ प्रदेशात वसलेले कोचाबांबा शहर २००० सालच्या पहिल्या चार महिन्यांत पाण्यासाठी पेटून उठले. शहराचा पाणीपुरवठा आणि मलनिस्सारण १९९९ मध्ये ४० वर्षांच्या कराराने परदेशी भांडवलदारांचा वरचष्मा असलेल्या एका कंपनीकडे सोपवण्यात आले होते. निविदा एकच आली होती आणि तीच स्वीकारली गेली. गुंतवणुकीवर किमान १५ टक्के परताव्याची हमी करारातच लिहून दिलेली होती. जानेवारीत पाणीपट्टी वाढली; काही कुटुंबांची तर ती दुपटीवर गेली. वर्गणी काढून खोदलेल्या विहिरींवरही आता कंपनीचा अधिकार चालणार, अशी धास्ती उपनगरांत आणि आसपासच्या शेतकऱ्यांत पसरली. हरताळ पडले, रस्ते अडवले गेले. एप्रिलमध्ये १७ वर्षांचा एक मुलगा गोळीने मृत्युमुखी पडला. अखेर सरकारला करार रद्द करावा लागला.

या घटनेला आता पाव शतक उलटून गेले. तेव्हापासून या विषयावरील चर्चा दोन टोकांत अडकून पडली आहे. एका टोकाला खासगीकरण हाच सर्व रोगांवरील उपाय वाटतो, तर दुसऱ्या टोकाला खासगी भांडवलाचे नाव काढणे हेही पाप ठरते. वस्तुतः पाण्याच्या करारात विचारण्याजोगा पहिला प्रश्न वेगळाच आहे. नफा कोणाचा, हे तर उघडच असते. पण जोखीम कोणाची?

विकसनशील देशांनी १९९०च्या दशकात खासगी कंपन्यांना पाचारण केले, त्यामागे जागतिक बँकेचा आग्रह होता, हे खरे. परंतु केवळ आग्रहामुळे हे घडले, असे म्हणणे एकांगी ठरेल. अनेक शहरांत निम्मे पाणी गळती आणि चोरी यांत नाहीसे होत होते. मतांच्या भीतीने पाणीपट्टी वर्षानुवर्षे वाढवली जात नव्हती आणि दुरुस्तीला पैसा उरत नव्हता. स्वस्त पाण्याचा लाभ नळ असलेल्यांना मिळे. झोपडीतला माणूस मात्र टँकरचे पाणी कित्येक पटींनी महाग दराने विकत घेई. अशा स्थितीत बाहेरून भांडवल आणि शिस्त येणार असेल, तर ते कोणाला नको होते?

अर्जेंटिनाची राजधानी ब्युनोस आयर्स येथे १९९३ मध्ये ३० वर्षांचा करार झाला. प्रचलित दरांत सुमारे २७ टक्के कपात करण्याची तयारी दाखवणाऱ्या फ्रेंच नेतृत्वाखालील कंपनीसमूहाला तो मिळाला. लवकरच दरवाढ मंजूर करून घेण्यात आली. तथापि जोडण्या वाढल्या, हे नाकारता येत नाही. ज्या नगरांत पाणीपुरवठा खासगी झाला, तेथे बालमृत्यूंचे प्रमाण सुमारे ८ टक्क्यांनी घटले आणि गरीब वस्त्यांत ही घट अधिक होती, असे २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या संशोधनात दिसून आले. विरोधकांनीही या निष्कर्षाचा प्रामाणिकपणे विचार केला पाहिजे.

परंतु कंपनीचे कर्ज डॉलरमध्ये होते आणि पाणीपट्टी मात्र पेसोमध्ये जमा होत असे. २००२ मध्ये पेसो कोसळला, सरकारने दर गोठवले आणि २००६ मध्ये करार संपुष्टात आला. सेवा पुन्हा सरकारकडे आली. कंपनी आंतरराष्ट्रीय लवादाकडे गेली आणि २०१५ मध्ये लवादाने अर्जेंटिनाने ४० कोटी डॉलरहून अधिक भरपाई द्यावी, असा निवाडा दिला. ज्या भांडवलासाठी कंपनीला बोलावले, त्याची जोखीम शेवटी नागरिकांच्याच माथी आली.

फिलिपाईन्सची राजधानी मनिला येथे १९९७ मध्ये शहराचे दोन भाग करून दोन कंपन्यांना पाणीपुरवठा देण्यात आला. पूर्वेकडील कंपनीने वाया जाणारे पाणी ६३ टक्क्यांवरून खाली आणत १२ टक्क्यांच्या आसपास नेले. हे यश मोठेच आहे. पश्चिमेकडील कंपनीवर मात्र जुन्या परकीय कर्जाचा मोठा वाटा टाकलेला होता. त्याच वर्षी आशियाई चलनसंकट आले, कंपनी बुडीत निघाली आणि २००७ मध्ये ती नव्या मालकांकडे गेली. शहर एक, सरकार एक, करारही जवळपास सारखे. तरी जोखमीच्या वाटणीने दोघींचे भवितव्य निराळे केले.

या दोन्ही शहरांत आणखी एक गोष्ट समान होती. सांडपाण्याचे काम पाण्याच्या मागे पडले. मनिलात तर मैलापाण्याच्या वाहिन्या मुदतीत न जोडल्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सरकारी यंत्रणेसह दोन्ही कंपन्यांना जबर दंड ठोठावला. यामागचे कारण समजण्यास कठीण नाही. नळाला आलेल्या पाण्याचे पैसे गृहस्थ देतो, कारण लाभ त्याच्या घरात दिसतो. घरातून बाहेर गेलेल्या मैल्यावरील प्रक्रियेचा लाभ मात्र नदीकाठच्या खालच्या गावाला मिळतो आणि त्या गावाकडून कोणी बिल वसूल करीत नाही. नफ्याच्या गणितात न बसणारे हे काम केवळ बाजाराच्या भरवशावर होत नाही. म्हणूनच मलनिस्सारण ही अशा प्रत्येक कराराची खरी कसोटी आहे.

मग केवळ सरकारी यंत्रणा पुरेशी आहे काय? कंबोडियाच्या नोम पेन्ह शहराचे उदाहरण येथे उद्बोधक आहे. यादवीने उद्ध्वस्त झालेल्या या शहरात १९९३ मध्ये एक सोन चान यांनी सार्वजनिक जलपुरवठा संस्थेची सूत्रे हाती घेतली, तेव्हा ७० टक्क्यांहून अधिक पाणी वाया जात होते. त्यांनी मीटर बसवले, चोरटे नळ तोडले, लाचखोरांना दूर केले आणि बड्या धेंडांकडूनही बिले वसूल केली. वाया जाणारे पाणी १० टक्क्यांच्याही खाली आले आणि शहराला २४ तास पाणी मिळू लागले. २००६ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांना परकीय कर्जे व अनुदाने मिळाली होती, पण मालकी सार्वजनिकच राहिली.

याउलट कोचाबांबात कंपनी गेली, सेवा पुन्हा नगरसंस्थेकडे आली. तरी शहराच्या दक्षिण भागातील गरीब वस्त्या पुढेही अनेक वर्षे टँकरवरच अवलंबून राहिल्या. घोषणा जिंकली, पण नळ आला नाही.

महाराष्ट्रालाही हा विषय परका नाही. नागपूरने २०१२ पासून संपूर्ण शहराचा पाणीपुरवठा २५ वर्षांसाठी खासगी चालकाकडे दिला. मालकी आणि दर ठरवण्याचा अधिकार महापालिकेकडे ठेवला आणि भांडवली खर्चाचा मोठा भाग केंद्र व राज्य सरकारच्या अनुदानातून आला. म्हणजे ‘खासगी गुंतवणूक’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या योजनेतही मोठा पैसा जनतेचाच होता. त्याआधीच सातारा जिल्ह्यातील छोट्या मलकापूरने महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाच्या साहाय्याने मीटर बसवून २४ तास पाणी देऊन दाखवले होते.

पाणपोई घालणे हे पुण्यकर्म मानणाऱ्या समाजाला पाण्याचे मोल आणि पाण्याची किंमत यांतील फरक समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. परंतु पाणपोईच्या रांजणातही कोणाला तरी रोज पाणी भरावे लागते. जलवाहिनीची दुरुस्ती फुकट होत नाही, हे नागरिकांनी स्वीकारले पाहिजे. तसेच जनतेच्या पैशावर झालेला कोणताही करार गुप्त ठेवण्याचा अधिकार नगरसंस्थेला नाही, हे प्रतिनिधींनी ओळखले पाहिजे.

उद्या एखाद्या नगरपालिकेपुढे असा प्रस्ताव येईल, तेव्हा प्रभागातील जागरूक कुटुंबांनी त्याची प्रत मागून घ्यावी. भांडवल नेमके कोणाचे? परताव्याची हमी आहे काय? चलन घसरले, पाऊस कमी पडला किंवा कंपनी निघून गेली, तर भार कोणावर? आणि मैलापाणी कोठे जाणार? या चार प्रश्नांची लेखी उत्तरे ज्या करारात नाहीत, त्यावर स्वाक्षरी होता कामा नये. मग समोरचा पक्ष परदेशी असो, देशी असो वा सरकारी.